माझे व्याही आणि त्यांच्या तीन गाड्या

या, असे जवळ सरका. लांबून ऐकायची गोष्ट नाही ही. आणि आधी माझे दोन शब्द ऐकून घ्या. तुम्ही लोक राजूरला येता, गणपतीचं दर्शन घेता, माझ्याच दुकानातून पेढ्यांचा पुडा बांधून घेता आणि "मावशी, गाडी थांबलीय" म्हणत पाठ फिरवता. दुकानामागंच माझं घर आहे, ओटा आहे, चहाचं आधण सदा ठेवलेलं आहे; पण टेकायला कुणाला सवड असते? टेकला असता तर मला हे असं लिहीत बसावं लागलं नसतं. असू द्या. आता आलात तर ऐका. या साऱ्या जालना जिल्ह्यात माझ्या व्याह्यांनी मला जितकं छळलं तितकं कुणी कुणाला छळलं नसेल. सासूनं नाही, दुष्काळानं नाही, उधारीवाल्या गिऱ्हाइकानं नाही. आणि छळणारा माणूस व्याही असला की त्याला बोलताही येत नाही. लेकीचा सासरा तो. त्याला वाकडा शब्द गेला की तो फिरून लेकीच्याच ताटात पडतो. म्हणून वर्षानुवर्षं मी तोंडानं "बसा पाव्हणे, चहा घ्या" म्हणत आले आणि आतून खव्याच्या कढईसारखी उकळत आले.

व्याही जालन्याला कॉलेजात संख्याशास्त्र शिकवायचे. निवृत्त झाले, पण गणित काही निवृत्त झालं नाही. त्यांचा विषय काय, तर माल तयार कसा होतो, जातो कसा आणि साठवायचा किती, या तिन्हींचं शक्यतेचं गणित. मोसंबीचा बाग किती माल देईल ते नक्की नाही, ट्रक कधी येईल ते नक्की नाही, गोदामात जागा मिळेल की नाही तेही नक्की नाही. मग या तीन नक्की-नाहींची मोट कशी बांधायची, यावर त्या माणसानं जन्म घातला. मला पहिल्यांदा समजावून सांगितलं तेव्हा म्हणाले, "विहीणबाई, दूध कधी येईल सांगता येत नाही. गिऱ्हाईक किती येईल सांगता येत नाही. पण सांगता न येण्यालाही एक चाल असते. ती चाल ओळखायची, बास." मी मान हलवली. मनात म्हटलं, एवढं शिकून हा माणूस शेवटी आला कुठं, तर कायच सांगता येत नाही इथं!

उषाला, म्हणजे माझ्या लेकीला, बघायला आले त्या दिवसापासून हे सुरू आहे. लोक मुलीला विचारतात स्वयंपाक येतो का, शिक्षण किती. या गृहस्थांनी मुलीकडं धड बघितलंही नाही. पोह्याची बशी हातात घेऊन सरळ मागच्या भट्टीवर गेले आणि मला विचारायला लागले, "दूध उशिरा येतं त्या दिवशी तुम्ही काय करता?" मी म्हटलं, शिव्या देते. तर खिशातून खडूचा तुकडा काढला (हा माणूस निवृत्त झाला तरी खिशात खडू बाळगतो, दुसरे सुपारी बाळगतात तसा) आणि माझ्या नुकत्याच रंगवलेल्या भिंतीवर एक उंचवटा काढला. झोपलेल्या म्हशीसारखा. म्हणाले, हे तुमच्या दुधाचं येणं. त्यांच्या सोबत आलेला मुलगा, म्हणजे आताचे आमचे जावई, लाजून खाली बघत होते. व्याह्यांना पुन्हा पोहे घ्या म्हटलं तर म्हणाले, "नको, दोन बशा राखून ठेवा. ऐनवेळी कुणी येण्याची शक्यता असतेच." आणि खरंच आलं हो कुणीतरी. तेव्हा जो काही त्यांचा चेहरा फुलला, तो मुलगी पसंत पडल्यावरही फुलला नव्हता.

लग्नातलं तर बोलूच नका. जेवणावळीचा अंदाज मी मांडणार होते, आमच्याकडं रीतच तशी. पण व्याह्यांनी आचाऱ्याला आधीच बाजूला घेतलं. कोणत्या गावची माणसं किती येतात, ऊन किती, मुहूर्त कितीचा, सगळं विचारून त्यांनी बुंदीचा आकडा सांगितला. पंगती उठल्या आणि बुंदी बराबर संपली. एक कळी उरली नाही, एक माणूस उपाशी नाही. व्याही मांडवभर असे फिरत होते जणू नवरदेव तेच. आणि मी? अहो, लग्नाघरी बुंदी उरली नाही म्हणजे काय तोंड दाखवायचं गल्लीत! दुसऱ्या दिवशी शेजारणींकडं परात झाकून पाठवायची असते. त्याला काय गणित लागतं? आमच्या समोरची तर दारात येऊन बोललीच, "का हो, लेकीच्या लग्नात हात आखडला वाटतं?" मी व्याह्यांना हसत हसत, अगदी गोड आवाजात सांगितलं की आमच्याकडं उरावं लागतं. ते विचारात पडले. म्हणाले, "म्हणजे नासाडी ही तुमच्यात गरज आहे. हे आधी सांगायला हवं होतं, मी धरलं असतं." मी घरात गेले आणि राग कणकेवर काढला. राग तयार व्हायचा माझ्याकडं, पोचायचा कुठंच नाही, आणि साठायचा सगळा माझ्याच छातीत. त्यांचं ते तीन कप्प्यांचं गणित माझ्याच जिवावर चाललं होतं म्हणा ना.

साठवणीवरून आठवलं. एकदा मी बाहेरून येते तर काय, माझ्या कैरीच्या लोणच्याच्या बरणीत फूटपट्टी! सोवळं-ओवळं मी फार मानत नाही, पण लोणच्याच्या बरणीत माणसानं हात घालताना चारदा विचार करावा. "पुसून घातलीय, विहीणबाई. बिलकुल कोरडी आहे," असं तेच मला धीर देत होते. कशासाठी? तर घरात लोणचं कोणत्या वेगानं उतरतं आणि पुढच्या कैरीपर्यंत पुरण्याची शक्यता किती, ते बघायचं होतं. मी म्हटलं, "पाव्हणे, सरलं तर सरलं, चटणी खाऊ." तर मला म्हणतात, "हा पण एक उपाय आहे," आणि खडू काढला.

पण त्यांचा खरा जीव होता रांगेवर. आमच्या इथं चतुर्थीला दर्शनाची रांग लागते, आणि अंगारकी असली तर विचारूच नका. जालन्याहून माणसं चालत येतात, रस्ता मुंग्यांसारखा भरतो. दर चतुर्थीला व्याही त्यांची जुनी जीप घेऊन हजर. दर्शनाला नाही, रांग बघायला. छत्री उघडून कडेला उभे राहायचे आणि माणसांना विचारायचे, "कधीपासून उभे आहात?" कुणी त्यांना सरकारी माणूस समजून घरकुलाचं गाऱ्हाणं सांगायचं. एका म्हातारीनं तर पाया पडून घेतलं. आणि रांगेत कुणी मधी घुसलं की या माणसाचा पारा चढायचा. मला त्यांनी काय केलं ते सांगते. माझं दुकान देवळाच्या दाराशी, जन्म गेला इथं, पुजारी मला अक्का म्हणतो. मी आपली ताटात नारळ घेऊन बाजूच्या फटीतून शिरत होते, रोजच्यासारखी. मागून हाक आली, "विहीणबाई!" सगळ्या रांगेनं वळून बघितलं. म्हणाले, "तुम्ही मधी शिरलात की मागच्या प्रत्येकाचं थांबणं वाढतं. शेवटच्या माणसाचं सगळ्यात जास्त. त्याचा काय गुन्हा?" मी, जिच्या पेढ्यांचा नैवेद्य रोज देवापुढं जातो ती मी, भर उन्हात शेपटाला जाऊन उभी राहिले. माझ्या पुढं हसनाबादची एक बाई होती, ती मला विचारते, "अक्का, तुमचे कोण ते?" मी म्हटलं, "कुणी न्हाई. वाट चुकलेत."

हे सगळं मी गिळलं. पण जी गोष्ट गिळवेना ती पुढंच आहे. उषाला दिवस गेले. पहिलं बाळंतपण माहेरी, ही काय सांगायची गोष्ट आहे? मी डिंक आणून ठेवला, जुन्या लुगड्यांची दुपटी शिवली, खाटेला नवी नवार घातली. सातव्यात ओटी भरली आणि आणायचं बोलले, तर व्याह्यांचा फोन. "विहीणबाई, उषा जालन्यालाच राहील. राजूरवरून मोठ्या दवाखान्यात वेळेवर पोचण्याची शक्यता मला पुरेशी वाटत नाही." पुरेशी वाटत नाही! माझी लेक म्हणजे काय टेम्पोतला खवा आहे, की पोचला तर पोचला, नाहीतर आंबला? त्या दिवशी पहिल्यांदा माझा तोल सुटला. मी म्हटलं, "पाव्हणे, माझी आई, माझी आज्जी, समद्या इथंच बाळंत झाल्या. लेकीला माहेरी न्हाई आणलं तर मी या गल्लीत राहून काय करू? इतका भरोसा न्हाई का आमच्यावर?" मग म्हणाले, "भरोसा माणसांवर आहे. रस्त्यावर नाही." आणि फोन ठेवला. मी दोन दिवस जेवले नाही नीट. व्याह्यांची बायको, माझ्या विहीणबाई, असत्या तर त्यांच्याशी बोलले असते; पण त्या उषाच्या लग्नाआधीच गेल्या होत्या. घरात सासू नाही, म्हणून सासूनं करायची काळजीही हा माणूस एकटाच करायचा, आणि तीही गणितानं.

तिसऱ्या दिवशी दारात जीप उभी. मागं उषा, तिच्या पोटाभोवती उशा रचलेल्या, काचेची बरणी बांधावी तशी. व्याह्यांनी स्वतःची वळकटी ओट्यावर टाकली आणि म्हणाले, "शक्यता वाढवायची असेल तर गाडी इथंच पाहिजे. मी राहतो बाळंतपण होईपर्यंत." आता बघा, सुनेच्या माहेरी सासरा येऊन राहतो हे तुम्ही कुठं ऐकलंय का? गल्लीतल्या बायांना तर सणच झाला. समोरची रोज विचारायची, "पाव्हणे हायेत का गेले?" आणि पाहुणा म्हणजे रोज ताटात गोड पाहिजे, पापड पाहिजे, मी घरात डोक्यावर पदर घेऊन वावरायची. एवढ्यानं भागलं नाही. जीपशिवाय त्यांनी आणखी दोन गाड्या ठरवल्या: एक आमच्या रफिकभाईंचा दुधाचा टेम्पो आणि एक वेशीवरची रिक्षा. मला ओट्यावर बसवून समजावलं, "समजा जीप बंद पडली. पडू शकते. त्याच वेळी टेम्पोही बंद पडला, हे फार क्वचित. आणि तेव्हाच रिक्षापण नाही, असं होणं म्हणजे जवळपास अशक्य." रोज सकाळी जीप चालू करून बघायचे. धुरानं माझी तुळस काळी पडली. रफिकभाई हसायचे, "अक्का, तुमचे इवाई रोज माझ्या टायरची तब्येत पुछून राह्यले. बच्चा तुमच्या लेकीला होनार हाय का टेम्पोला?"

एक दिवस मी विचारलंच, "पाव्हणे, एका बाळंतपणाला तीन गाड्या कशाला हो? लोक हसून राह्यलेत." ते खडूची पूड बोटानं चोळत राहिले. मग म्हणाले, "तिच्या वेळी एकच सांगितली होती मी. ती आली नाही." तिच्या म्हणजे विहीणबाईंच्या. मी चहात साखर घालायची विसरले. तसाच प्याले.

आता ऐका काय झालं ते. उषाचे दिवस भरायला अजून अवकाश होता. मधी अंगारकी येत होती, ते त्यांना माहीत होतं. त्याच दिवशी कळा येण्याची शक्यता नगण्य, असं त्यांनी भट्टीच्या भिंतीवर मांडूनही दाखवलं. आणि अंगारकीच्याच दिवशी, ऊन वर आलेलं, दुकानापुढं गर्दीचा पूर, आणि उषानं आतून हाक मारली, "आई, मला बरं न्हाई वाटून राह्यलं." मी पाहिलं आणि समजले. व्याही जीपकडं धावले. जीप एका झटक्यात चालू झाली. आणि तिथंच उभी राहिली. कारण आमची गल्ली माणसांनी ठासून भरलेली, पुढं बांबूचे कठडे, कठड्यांत रांग. रफिकभाईंना फोन लावला तर ते म्हणतात, "सर, टेम्पो तयार हाय, डिझेल फुल्ल हाय, पण इधर जालन्याच्या रोडवर पुरी पब्लिक चालून राह्यली. गाडी हाय, रस्ता न्हाई." रिक्षा त्यांच्याच मागं अडकलेली. म्हणजे बघा, एकही गाडी बंद पडली नव्हती. तिन्ही चालू, तिन्हींचे ड्रायव्हर जागेवर, आणि तिन्ही जागच्या जागी. व्याह्यांचा चेहरा असा झाला की माझ्या लेकीला सोडून मला त्यांचीच धास्ती वाटली. स्टिअरिंगवरचे हात सुटेनात त्यांचे.

मी खिडकीवर थाप मारली. म्हटलं, "पाव्हणे, उतरा. गावातला सरकारी दवाखाना देवळाच्या पलीकडं हाये. नर्सबाई हाये तिथं. चालत न्यायचं तिला." "पण मधी रांग आहे," ते म्हणाले. अहो, मी काय सांगू तुम्हाला! त्या क्षणाला सुद्धा त्या माणसाला रांग दिसत होती! मी तोंड उघडणार, तेवढ्यात ते उतरले. कठड्यापाशी गेले. ज्या माणसानं मला नारळाच्या ताटासकट शेपटाला पाठवलं होतं, त्यानं दोन्ही हात जोडले आणि त्या अख्ख्या रांगेला म्हणाला, "माफ करा. मधी घुसतोय. माझी सून आहे." आवाज एवढासा. पहिल्या चारपाच जणांनाच ऐकू गेला असेल. पण तो पुढं गेला हो. एकानं दुसऱ्याला सांगितलं, दुसऱ्यानं तिसऱ्याला, "बाळंतीण हाये, सरका, सरका." आणि ती रांग, पहाटेपासून उभी असलेली, उन्हानं त्रासलेली, एका अंगाला दबली. बाप्यांनी कठडे उचलून धरले. बायांनी दोन्ही बाजूंनी पदर पसरले. उषा माझ्या खांद्यावर, एक ओळख ना पाळख बाई दुसऱ्या खांद्याला, आणि पुढं व्याही, हात जोडलेलेच, "माफ करा, माफ करा" म्हणत चाललेले.

नर्सबाईंनी सगळं नीट केलं. मुलगी झाली. धडधाकट, आणि आल्या आल्या एवढी ओरडली की बाहेर रांगेतल्यांनी गणपतीचा जयजयकार केला. मी बाहेर आले तर व्याही पायरीवर बसलेले. नात झाली म्हटलं, तर डोळे पुसले आणि म्हणतात, "विहीणबाई, माझं चुकलं. मी तिन्ही गाड्या वेगवेगळ्या धरल्या. रस्ता तिन्हींचा एकच होता." मी म्हटलं, "आत चला, लेकरू बघा." तर उठेनात. "आणि माणसं सरकतील, हे मी कुठंच धरलं नव्हतं. ते कसं धरतात?" मला विचारतात! मला तर वाटलं होतं की माणसं सरकतातच. त्यात विचारायचं काय?

मग हा माणूस उठला, पण आत नाही गेला. माझ्या दुकानात गेला. आणि अंगारकीला म्हणून चार दिवस खपून केलेले पेढे, परातीच्या पराती, उचलून वाटायला लागला. मुलगी झाली तर लोक बर्फी वाटतात, तेवढंही भान नाही. मी मागं धावले, "अहो, गिऱ्हाइकाला काय देऊ? तुम्हीच ना म्हणता, थोडं राखून ठेवावं?" ऐकतंय कोण! आणि वाटायला सुरुवात कुठून केली असेल? रांगेच्या शेपटापासून. पार जालन्याच्या रस्त्यावर जिथं शेवटचा माणूस उभा होता तिथं परात घेऊन गेले आणि तिथून एकेकाला देत पुढं आले. मी म्हटलं, देवळाच्या दारातली माणसं काय वाईट आहेत? तर म्हणाले, "माझ्यामुळं मागच्यांचं थांबणं जास्त वाढलं. आधी त्यांना." संध्याकाळपर्यंत दुकानात एक पेढा नाही. देवाच्या नैवेद्याला मी शेजारच्या दुकानातून पेढे विकत आणले! माझ्या उभ्या आयुष्यात असा अपमान झाला नव्हता. अजून आठवलं की अंगाचा तिळपापड होतो.

ती नात आता शाळेत जाते. सुट्टीत आली की भट्टीच्या भिंतीवर खडूनं म्हशी काढते. त्या म्हशी आहेत की आजोबांचे उंचवटे, ते मी विचारत नाही. भिंत मी परत रंगवलेली नाही. आणि व्याही आता येत नाहीत. गुडघे गेले, जीप कधीच मोडीत गेली. जावई कामाला जातात, उषा शाळेत शिकवायला जाते, आणि ते जालन्याला गॅलरीत खुर्ची टाकून रस्त्यावरची वाहनं बघत बसतात. दर चतुर्थीला मात्र फोन येतो, "विहीणबाई, रांग कुठवर आहे?" मी सांगते, पार वळणापर्यंत. कधी थोडी वाढवूनच सांगते. त्यांना बरं वाटतं. लोणच्याच्या बरणीत आता कुणी पट्टी घालत नाही. माझाही राग तयार होतो, पण काढायला कुणी समोर नसलं की तो नुसता राहून जातो, मुरत नाही.

तर तुम्ही आता या. लवकर या. येत्या चतुर्थीलाच या म्हणते मी. राजूरला येताना जालन्यावरूनच याल ना? मंग गाडी जरा त्यांच्या दारात थांबवा आणि त्यांना बसवून आणा. ते म्हणतील, तुमच्या गाडीत जागा असण्याची शक्यता कमी आहे, रस्त्यात गर्दी असेल, परतायला उशीर होईल. खडू काढतील. त्यांचं काही ऐकू नका. तुम्ही नुसतं थोडं सरकून बसा. पुढचं मी बघते. ओटा झाडून ठेवलाय, आणि त्यांना ऐकवायचं बरंच साठलंय माझ्याकडं.